शुगर बॉर्डरवर आली: घरी मोजायचं कसं आणि ताटात बदलायचं काय

रिपोर्टवर उपाशीपोटी ११२ आलं, लॅबवाला "बॉर्डरवर आहे, गोड कमी करा" म्हणाला आणि विषय तिथंच संपला. जत किंवा माण तालुक्यातल्या वाडीवर याहून जास्त सल्ला बहुतेकदा मिळत नाही. म्हणून आधी आकडे समजून घ्या. उपाशीपोटी १०० ते १२५, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १४० ते १९९, किंवा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) ५.७ ते ६.४ टक्के, यातलं एकही असलं तरी तुम्ही बॉर्डरवर. १२६, २०० आणि ६.५ पासून पुढं मधुमेह. मात्र काही त्रास होत नसेल तर एकाच रिपोर्टवर शिक्का मारून घेऊ नका, तपासणी पुन्हा करा.

उपाशीपोटी म्हणजे किमान ८ तास फक्त पाणी. बिनसाखरेचा चहासुद्धा नाही. जत्रेचं जेवण रात्री साडेअकराला उरकून सकाळी सातला रक्त दिलं तर त्या आकड्याला अर्थ नाही. ताप, जखमेतला पू किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतानाही शुगर चढते. अंगात लोह कमी असेल तर एचबीएवनसी आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकते. हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईची ६.० आली तर उपाशीपोटी आणि जेवणानंतरची शुगरही बघावी. तिशीच्या पुढं शुगरची तपासणी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. आशाताईंना विचारा.

घरी ग्लुकोमीटर असेल तर हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करा. हे सांगणं फुकटचं नाही. गूळ किंवा द्राक्षं हाताळलेल्या बोटावर मीटर सहज पन्नासएक जास्त दाखवतं. बोटाच्या टोकाला नको, कडेला टोचा. दाबून पिळू नका. पहिला थेंब पुसून दुसरा घ्या. मीटरच्या पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा, कारण दमट हवेत पट्ट्या खराब होतात. चांगलं मीटरही १५ टक्के इकडंतिकडं होतं, त्यामुळं १०८ आणि ११६ मधला फरक मोजायला बसू नका.

पट्ट्या रोज सकाळी उडवण्यापेक्षा जोडीनं वापरा. जेवणाआधी एक, आणि पहिला घास घेतल्यापासून (हात धुतल्यापासून नव्हे) दोन तासांनी दुसरी. वहीत ताट लिहा: किती भाकऱ्या, किती वाट्या भात. महिन्याला दहा पट्ट्या म्हणजे पाच जेवणं कळली. दोन तासांनी आकडा १४० च्या वर गेला तर तेच जेवण पुढच्या वेळी एक भाकरी कमी आणि एक वाटी उसळ जास्त करून पुन्हा मोजा. आपल्याला काय बाधतं ते ही वही शेजाऱ्यापेक्षा बरोबर सांगते.

आपल्याकडचा मोठा गैरसमज ज्वारीचा. "भाकरी चालते" म्हणून तीन-तीन खाल्ल्या जातात. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात ६५ ते ७० ग्रॅम कर्बोदकं (पोटात गेल्यावर ज्याची साखर होते तो भाग) असतात, गव्हातही जवळपास तेवढीच. भाकरी चपातीपेक्षा बरी, पण मोजून. मध्यम आकाराची एक, फार तर दीड. उरलेली भूक आख्खा मसूर, मटकी किंवा घेवड्याच्या उसळीनं भागवा, फक्त तर्री वरून ओतू नका. ताटातली काकडी-मेथी आणि उसळ आधी खा, भाकरी त्यानंतर. नुसता क्रम बदलला तरी शुगर सावकाश चढते.

गूळ म्हणजे साखरच. लोह मिळतं म्हणून खाणाऱ्यांनी पालेभाजी खावी. रसवंतीतल्या मोठ्या ग्लासात २५ ग्रॅमच्या वर साखर येते. द्राक्षं दहा-बारा चालतील, पण बेदाणा जपून. वाळवल्यावर त्यात वजनाच्या निम्म्याहून जास्त साखर उरते आणि मूठभर कधी संपतो ते कळत नाही. कपाला दोन चमचे साखर घालून दिवसाला पाच चहा घेतले की ४० ग्रॅम साखर पोटात गेली. सगळ्यात आधी हे चहा आवरा. एकादशीची साबुदाणा खिचडी निव्वळ पिठूळ. त्याऐवजी दही, काकडी, थोडे शेंगदाणे आणि राजगिरा घ्या.

जेवणानंतर १५ मिनिटं चालणं स्वस्तात पडतं. खाल्लेली साखर पायाचे स्नायू तिथल्या तिथं उचलतात. आठवड्याला १५० मिनिटं झाली पाहिजेत. अजिंक्यतारा महिन्यातून एकदा चढून भागत नाही. वजन जास्त असेल तर ५ ते ७ टक्के उतरवा, म्हणजे ७२ किलोच्या माणसानं साडेतीन ते पाच किलो. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात एवढ्यावरच मधुमेह होण्याचा धोका ५८ टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांचा ३१ टक्क्यांनी. वजन काटा दाखवेल. टेपही लावा: पुरुषाची कंबर ९० आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या आत हवी.

कारल्याचा रस प्यायचा तर प्या, पण त्याच्या भरवशावर भाकऱ्या वाढवू नका. बाजारातल्या बिननावाच्या 'शुगर पावडरी'त काय मिसळलंय ते कळत नाही, त्या घेऊच नका. शेजाऱ्याच्या ग्लिमेपिराइडला, म्हणजे मधुमेहाच्या गोळीला, तर हात लावू नका. बॉर्डरवरच्या माणसाची शुगर त्या गोळीनं एवढी उतरू शकते की घाम सुटून तो कोसळेल.

बाई गरोदर असेल तर यातलं काहीच घरी करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. सारखी तहान, रात्री लघवीला उठणं, कारण नसताना वजन उतरणं, किंवा मीटरवर दोनदा २०० च्या वर, असं दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. उलट्या आणि धाप असेल तर त्याच दिवशी. बाकीच्यांनी तीन महिन्यांनी एचबीएवनसी पुन्हा करावी, शक्यतो त्याच लॅबमध्ये, आणि जाताना ती वही सोबत न्यावी.