नदी ते नदी : इंग्लंडच्या खडूच्या डोंगरांवर ग्रॅव्हल सायकल कशी न्यावी

दक्षिण इंग्लंडमध्ये विंचेस्टरपासून ईस्टबोर्नपर्यंत १६० किलोमीटरची एक वाट जाते. तिचं नाव साउथ डाउन्स वे. जवळपास सगळी वाट खडूच्या डोंगरधारेवरून आहे. हा खडू म्हणजे पांढरा, बोटाला लागणारा, नखाने ओरखडता येणारा खडक. सह्याद्रीत ट्रेक करत वाढलेल्या माणसाला ही धार ओळखीची वाटते आणि तिथेच तो फसतो, कारण इथला दगड आपल्या दगडाच्या अगदी उलट वागतो. लंडन किंवा रेडिंगला राहणारे, मुलांकडे उन्हाळ्यात येणारे बरेच जण मला या वाटेबद्दल विचारतात. त्यांच्यासाठी या वाटेवरची ग्रॅव्हल सायकलची (कच्च्या वाटांसाठीच्या, रुंद टायरच्या सायकलची) फेरी मी कशी ठरवतो, ते क्रमाने लिहितो.

पायरी १ : आधी दगड समजून घ्या

आपला बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्यातून थिजला. हा खडू त्याहून जुना आहे. उथळ, उबदार समुद्राच्या तळाशी सूक्ष्म शेवाळांची चुनखडीची कवचं साचत गेली आणि त्यांचा हा खडक झाला. तो स्पंजासारखा पाणी पितो. त्यामुळे माथ्यावर ओढा नाही, झरा नाही. राजगडावर किंवा हरिश्चंद्रगडावर पाण्याचं टाकं मिळेल या भरवशावर आपण चढतो. इथे माथ्यावर ती आशा ठेवू नका. मुरलेलं पाणी पायथ्याला झऱ्यांतून बाहेर येतं, म्हणून गावंही पायथ्याला आणि नदीकाठीच वसलेली आहेत.

याच गुणामुळे माथ्यावरची वाट पावसानंतर लवकर सुकते. मात्र ओला खडू साबणासारखा निसरडा होतो, उतारावर तर फारच. पश्चिमेच्या अर्ध्या भागात बीच नावाच्या झाडांखाली खडूवर चिकणमातीचा थर आहे. तो चाक आणि फ्रेम यांच्यामध्ये असा भरतो की सायकल ढकलताही येत नाही. उत्तरेच्या पायथ्याशीही चिकणमातीच आहे. पाऊस पडून गेला असेल तर माथा धरून राहा, पायथ्याच्या कच्च्या वाटांना जाऊ नका. पहिल्यांदा जाताना मे ते सप्टेंबरमधलाच कोरडा आठवडा निवडा.

पायरी २ : कुठली वाट तुमची, ते नकाशावर पाहा

इंग्लंडमध्ये दिसली वाट की घातली सायकल, असं चालत नाही. पायवाटेवर पिवळा बाण असतो आणि तिथे सायकल चालवण्याचा हक्क नाही. निळा बाण म्हणजे ब्रायडलवे, आपण त्याला घोडेवाट म्हणू. १९६८ च्या कायद्याने घोडेवाटांवर सायकलला परवानगी मिळाली, पण चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची, ही अट त्याच कायद्यात आहे. जांभळ्या आणि लाल बाणांच्या वाटांवरही सायकल चालते.

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेचा १:२५,००० चा नकाशा घ्या. त्यावर घोडेवाट हिरव्या लांब तुटक रेषेने दाखवलेली असते आणि पायवाट आखूड तुटक रेषेने. फोनवर उतरवून घेतलेला मार्ग या रेषांशी एकदा ताडून पाहा. साउथ डाउन्स वेवर निळ्या बाणाबरोबर ओकच्या फळाचं चिन्ह दिसत राहतं.

पायरी ३ : दिवसाची आखणी नद्यांवरून करा

या लेखातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच. वाटेचा माथा कुठेही फार उंच नाही. बट्सर हिल जेमतेम २७० मीटर. आकडा पाहून माणूस निर्धास्त होतो. पण नद्यांनी ही धार पुन्हा पुन्हा चिरलेली आहे. दर नदीला समुद्रसपाटीच्या जवळ उतरायचं आणि पलीकडे पुन्हा माथा गाठायचा. सगळं मिळून साडेतीन हजार मीटरहून जास्त चढ होतो. आतकरवाडीहून सिंहगड सहा वेळा चढा, तेवढा!

पश्चिमेकडून पूर्वेकडे नद्या अशा येतात : विंचेस्टरची इचेन, एक्स्टनची मीऑन, अ‍ॅम्बर्लीची ॲरन (नकाशावर आपण हटकून ‘अरुण’ वाचतो, आणि मला ते आवडतं), बोटॉल्फ्सजवळची एडर, साउथईजची ऊझ आणि ऑल्फ्रिस्टनची ककमिअर. पहिल्या दोन खडूच्या पोटातून निघतात. त्यांचं पाणी इतकं नितळ असतं की तळाचं गवत हलताना दिसतं. अशा खडूच्या नद्या जगात मोजक्याच आहेत आणि त्यातल्या बहुतेक इंग्लंडमध्ये आहेत. एक्स्टनच्या पुलावर दहा मिनिटं थांबा, घाई असली तरी. पुढच्या चार नद्या उत्तरेकडच्या चिकणमातीतून येतात. त्या गढूळ असतात आणि त्यांच्यात भरती-ओहोटीचं पाणी खेळतं.

आता आखणी. निम्मं अंतर अ‍ॅम्बर्लीपाशी होतं आणि तिथे रेल्वे स्टेशन आहे. तिथून साधारण ५० किलोमीटरवर साउथईज; तिथेही स्टेशन आहे आणि शेजारी युवा वसतिगृह. कच्च्या वाटेवर, गेट उघडत-लावत, ताशी १० ते १२ किलोमीटरचाच हिशोब धरा. रोज सायकल चालवणाऱ्याला पूर्ण वाटेसाठी दोन दिवस पुरतात, पण तीन दिवस काढले तर डोळ्यांनाही काही मिळतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने अ‍ॅम्बर्ली ते साउथईज एवढाच टप्पा एका मोठ्या दिवसात करावा. मन बदललं तर वाटेतून ब्रायटनकडे उतरता येतं.

दिशा पश्चिमेकडून पूर्वेकडेच ठेवा. इथे वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतो. उघड्या धारेवर तो पाठीशी असणं हे एका जास्तीच्या गिअरइतकं मोलाचं आहे.

मीऑन ते ॲरन हा टप्पा सगळ्यात लांब, मध्ये एकही नदी नाही. क्वीन एलिझाबेथ कंट्री पार्कमध्ये पाणी भरून घ्या, तहान असो वा नसो. पुढे एडरकाठी बोटॉल्फ्सला वाटेवरच नळ आहे आणि सॅडल्सकूम फार्मलाही आहे. मी दीड-दीड लिटरच्या दोन बाटल्या नेतो. मुक्कामाची सोय आधी करा. जमीनमालकाच्या परवानगीशिवाय इथे तंबू ठोकता येत नाही.

पायरी ४ : सायकल

खडूत जागोजागी चकमकीचे दगड आहेत. फुटले की त्यांना काचेसारखी धार येते आणि टायरची बाजू ते सरळ चिरतात. माझी पहिली फेरी अशाच एका चिरेने दुपारी संपली होती. रबराचे प्लग मी नेले होते, पण चीर त्यांच्यापेक्षा मोठी होती. तेव्हापासून मी जुन्या टायरचा बोटभर तुकडा बरोबर ठेवतो. तो आतून लावायचा आणि वर ट्यूब घालायची.

४० ते ४५ मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर, सत्तर किलोच्या माणसाला ३० ते ३५ पीएसआय हवा. पुढचं दातेरी चक्र मागच्या सगळ्यात मोठ्यापेक्षा लहान असेल तर चढ बसून निघतात, नाहीतर उतरून ढकलावं लागतं. उतरण्यात कमीपणा काही नाही. ब्रेकचे पॅड नवे घाला, ओल्या खडूची लापशी त्यांना झपाट्याने खाते. गवतातून गेल्यावर संध्याकाळी पायांवर गोचीड पाहायला विसरू नका. इथल्या गोचिडीतून लाइम रोग होऊ शकतो.

पायरी ५ : वाटेवरचं वागणं

घोडा दिसला की लांबूनच मोठ्याने ‘हॅलो’ म्हणा, वेग कमी करा, स्वार सांगेल तिकडून जा. घंटीपेक्षा माणसाचा आवाज घोड्याला बरा. गेट जसं सापडलं तसं ठेवा : लावलेलं असेल तर लावा, उघडं असेल तर उघडंच राहू द्या. मेंढ्यांच्या कळपातून पायी चाला.

पायरी ६ : सैनिकांच्या स्मारक-छत्रीसाठी तास राखून ठेवा

क्लेटनच्या दोन पवनचक्क्यांपाशी (जॅक आणि जिल ही त्यांची नावं) मुख्य वाट सोडून दक्षिणेला घोडेवाटेने दोनेक किलोमीटर उतरा. हिरव्या उतारावर अचानक पांढरी संगमरवरी छत्री दिसते. पहिल्या महायुद्धात ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियन या जुन्या राजवाड्यात जखमी हिंदी सैनिकांचं इस्पितळ होतं. शहरातल्या इस्पितळांत मरण पावलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांना या डोंगरावर अग्नी दिला गेला. जिथे चिता रचल्या, तिथेच ही छत्री उभी आहे. तिचा आराखडा ई. सी. हेन्रिक्स या मुंबईच्या तरुण वास्तुकाराचा. १ फेब्रुवारी १९२१ ला तिचं अनावरण झालं. २०१० मध्ये शेजारी त्या सैनिकांची नावं कोरलेली शिळा बसवली गेली.

सायकल कुंपणाबाहेर ठेवा आणि आत चालत जा. मी दर वेळी ती नावं वाचतो. घरापासून इतक्या लांब, समुद्राकडे पाहणाऱ्या डोंगरावर ज्यांची राख झाली, त्यांच्यासाठी दोन किलोमीटरचा परतीचा चढ काहीच नाही. जूनमध्ये दरवर्षी इथे स्मरणाचा कार्यक्रम होतो. तारीख जुळली तर फेरी त्याच आठवड्यात ठेवा.

पायरी ७ : ऑल्फ्रिस्टनला डावी वाट धरा

इथे वाट दुभंगते. उजवीकडची समुद्राकाठच्या सेव्हन सिस्टर्स या पांढऱ्या कड्यांवरून जाते, पण ती पायवाट आहे, सायकलला नाही. डावीकडची घोडेवाट विंडोव्हर हिलवर चढते आणि जेव्हिंग्टनमार्गे ईस्टबोर्नला उतरते. कडे हुकले म्हणून हळहळू नका. विंडोव्हरचा माथा हा माझ्या मते सगळ्या वाटेवरचा सर्वात सुंदर भाग आहे. खाली ककमिअरचं खोरं, मागे दोन दिवसांत ओलांडलेल्या सगळ्या धारा एकामागे एक. कडे पाहायचेच असतील तर दुसऱ्या दिवशी पायी जा.

ईस्टबोर्नहून लंडनला थेट गाड्या आहेत. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत बऱ्याच गाड्यांत सायकल घेत नाहीत, तेव्हा वेळ आधी पाहून ठेवा. आणि घरी पोचल्यावर कितीही दमला असाल तरी आंघोळीआधी सायकलवर पाणी मारा. ओला खडू बादलीभर पाण्याने निघतो. रात्रभर वाळला की साखळीच्या कड्यांत चुन्यासारखा धरून बसतो, मग ब्रश घेऊन अर्धा दिवस जातो.