गेंट कसे पाहावे : पुण्याहून बेल्जियमला निघालेल्यांसाठी

पुण्यातून युरोपच्या सहलीला निघणाऱ्यांच्या कार्यक्रमात बेल्जियमच्या वाट्याला बहुधा एकच दिवस येतो. पॅरिसहून ॲमस्टरडॅमकडे निघालेली बस ब्रुसेल्सला थांबते, अॅटोमियमसमोर आणि मानेकेन पिसच्या चिमुकल्या पुतळ्यासमोर छायाचित्रे काढली जातात, चॉकलेटची खरेदी होते आणि संध्याकाळी बस मार्गाला लागते. स्वतः आखणी करून जाणारे बरेच जण ब्रुज गाठतात, आणि ब्रुज देखणे आहे यात वाद नाही. तरीही हाताशी दोन रात्री असतील तर त्या गेंटला द्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. गेंटच्या वाड्या-मनोऱ्यांमागे एकच सलग गोष्ट आहे : व्यापारावर गबर झालेले नागरिक आणि त्यांच्यावर वचक ठेवू पाहणारे राज्यकर्ते यांच्यातील शतकानुशतकांची ओढाताण. ती ध्यानात ठेवून योग्य क्रमाने फिरल्यास प्रत्येक इमारत कोणाविरुद्ध आणि कशासाठी उभी राहिली हे आपोआप उलगडत जाते.

कागदपत्रांचे आधी उरकून घेऊ. शेंगेन व्हिसाचा अर्ज ज्या देशात सर्वाधिक मुक्काम असेल त्या देशाकडे करायचा असतो, त्यामुळे सहलीत फ्रान्स किंवा नेदरलँड्सही असल्यास प्रत्येक देशातील रात्री मोजूनच अर्ज कोणाकडे करायचा ते ठरवावे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून पंधरा दिवस आधीपर्यंत अर्ज करता येतो. पण मे महिन्याच्या सुटीच्या तोंडावर भेटीच्या वेळा भराभर भरतात, म्हणून दोन-तीन महिन्यांची सवड ठेवणे शहाणपणाचे आहे. किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा सक्तीचा आहे.

ब्रुसेल्स विमानतळाच्या पोटातच रेल्वे स्थानक आहे आणि तेथून गेंटला थेट गाडी मिळते. प्रवास साधारण तासाभराचा. ब्रुसेल्स शहरातून हेच अंतर अर्ध्या तासाचे आहे आणि गेंटहून ब्रुजही तेवढ्याच वेळात गाठता येते. म्हणून गेंटला बिऱ्हाड मांडून एक दिवस ब्रुजला जाऊन येणे सोयीचे पडते. उतरायचे ते गेंट-सिंट-पीटर्स या मुख्य स्थानकावर. जुने शहर तेथून दोन-अडीच किलोमीटरवर असून कोरनमार्कट चौकापर्यंत ट्राम जाते. भाड्याची मोटार मात्र अजिबात घेऊ नये. शहराच्या गाभ्याचा मोठा भाग १९९७ पासून पादचाऱ्यांसाठी राखीव आहे, आणि २०१७ च्या वाहतूक आराखड्यानंतर एका भागातून दुसऱ्या भागात मोटारीने जायचे तर बाहेरच्या वळणरस्त्यावरूनच जावे लागते. प्रेक्षणीय असे बहुतेक सगळे पायी पंधरा-वीस मिनिटांच्या परिघात आहे. रस्ता ओलांडताना ट्रामपेक्षा सायकलींकडे अधिक लक्ष असावे, कारण त्या आवाज न करता आणि बऱ्याच वेगाने येतात. रस्ते दगडी गोट्यांचे असल्याने जाड तळव्यांचे बूट हवेत, आणि ऋतू कोणताही असला तरी पावसाळी जाकीट हवे.

पहिल्या दिवशी दुपारी पोहोचल्यावर थेट सिंट-मिखिएल्स पुलावर जावे. पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले की तीन मनोरे एका रांगेत दिसतात : सर्वांत पुढे सेंट निकोलस चर्च, त्यामागे नगराचा घंटामनोरा आणि सर्वांत मागे सेंट बावो कॅथेड्रल. दुपारी सूर्य पाठीशी असल्याने छायाचित्रालाही हीच वेळ चांगली. पुलाच्या उत्तरेला लेये नदीचे दोन धक्के समोरासमोर आहेत, ग्रासलेइ आणि कोरनलेइ. लेये आणि स्खेल्डे या नद्यांच्या संगमावर वसल्यामुळे गेंटला व्यापाराचे वरदान मिळाले. लेयेवरून धान्य घेऊन जाणाऱ्या गलबतांना मालाचा ठरावीक हिस्सा, एके काळी चक्क चतुर्थांश, गेंटला उतरवावाच लागे. हे धान्य जेथे साठत असे ते कोठार ग्रासलेइवर अजून उभे आहे. इ. स. १२०० च्या सुमाराची ती जाड, करड्या दगडाची, किंचित पुढे झुकलेली इमारत ओळखू येण्यास सोपी आहे, कारण तिला खेटून १६८२ चे जकातनाके उभे आहे, आणि ते इतके अरुंद आहे की दोन इमारतींमधील फट बुजवण्यासाठी बांधले असावे असे वाटते. जवळच मुक्त नावाड्यांच्या संघाचे १५३१ चे घर आहे. त्याच्या दारावर कोरलेले गलबत थांबून पाहण्यासारखे आहे.

या रांगेतील सगळेच काही मूळचे नाही. १९१३ च्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने शहराने या धक्क्याची रंगरंगोटी केली. त्या वेळी जुन्या रेखाचित्रांवरून गवंड्यांच्या संघाचे घर येथे नव्याने बांधण्यात आले, कारण मूळ घर नष्ट झाले असे समजले जात होते. पुढे १९७६ मध्ये सेंट निकोलस चर्चसमोरच्या एका इमारतीच्या गिलाव्याखाली मूळ दर्शनी भिंत सापडली. आज दोन्ही पाहता येतात. मूळ घराच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शिखरावर नव्याने बसवलेले सहा नर्तक वाऱ्याबरोबर गिरक्या घेतात, त्यामुळे तेथे मान वर करून पाहण्यास विसरू नये.

धक्क्यावरून उत्तरेला चालत गेले की पाच मिनिटांत ग्राफेनस्टेन, म्हणजे फ्लँडर्स या प्रांताच्या काउंटचा, अर्थात तेथे राज्य करणाऱ्या सरदाराचा, किल्ला लागतो. भर वस्तीत, ट्रामच्या रुळांना लागून, चहूबाजूंनी पाणी असलेला हा किल्ला फिलिप ऑफ अल्सास या काउंटने ११८० मध्ये बांधला. प्रवेशद्वारावरील शिलालेखात ते साल आहे. धनाढ्य व्यापारी दगडी घरे चढवू लागले होते, आणि सत्ता कोणाची हे त्यांना रोज उठल्याबरोबर दिसावे, असाच या बांधकामाचा रोख आहे. पुढे येथे न्यायालय आणि तुरुंग आला, आणि एकोणिसाव्या शतकात तर चक्क सूतगिरणी. आज दिसणाऱ्या तटावरील चर्या बऱ्याचशा त्यानंतरच्या जीर्णोद्धारातील आहेत. छळाच्या हत्यारांचे दालन मुलांना दाखवावे की नाही हे आईवडिलांनी ठरवावे. मी ते भरभर ओलांडून गच्ची गाठण्याच्या बाजूचा आहे, कारण तेथून सगळे शहर एका नजरेत येते. १९४९ च्या नोव्हेंबरमध्ये विद्यार्थ्यांनी बिअरच्या दरवाढीच्या निषेधार्थ हा किल्ला ताब्यात घेतला होता आणि तटावरून पोलिसांवर फळांचा मारा केला होता. तो दिवस गेंटचे विद्यार्थी अजूनही साजरा करतात.

किल्ल्यासमोरच्या सिंट-फेर्लेप्लेन चौकात अंधार पडल्यावर थोडा वेळ थांबावे. तेथील दिवे अधूनमधून हळूच उजळतात आणि पुन्हा मंद होतात. शहरातील रुग्णालयांत बाळ जन्मले की प्रसूती कक्षातून कळ दाबली जाते आणि या चौकात प्रकाश वाढतो. इटालियन कलावंत अल्बेर्तो गारुत्ती यांची ही कलाकृती आहे. गेंटची रात्रीची रोषणाई एकूणच फार विचारपूर्वक केलेली असल्याने जेवणानंतर धक्क्यावरून पुन्हा एक फेरी मारावी. मात्र जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो हे लक्षात घेऊन जेवण उशिरा घ्यावे.

दुसरा दिवस सेंट बावो कॅथेड्रलने सुरू करावा. हब्बर्ट आणि यान व्हान आयक या बंधूंनी रंगवलेले आणि १४३२ मध्ये पूर्ण झालेले ‘दैवी कोकराचे पूजन’ हे वेदीचित्र येथे आहे, आणि गेंटला येण्यासाठी एवढे एक कारणही पुरेसे आहे. चर्चमध्ये प्रवेश विनामूल्य असला तरी या चित्रासाठी वेळ ठरवून तिकीट काढावे लागते. सकाळची पहिली वेळ घ्यावी. रविवारी सकाळी प्रार्थना असल्याने चित्र दुपारीच पाहता येते, तेव्हा रविवार शक्यतो टाळावा. तळघरात आभासी चष्मे लावून चित्राचा इतिहास दाखवणारी फेरीही मिळते; अगदी काही न वाचता गेलेल्यांनी ती घ्यावी.

ओक लाकडाच्या, बिजागऱ्यांवर उघडमीट होणाऱ्या फलकांचे हे चित्र उघडल्यावर सुमारे साडेचार मीटर रुंद होते. ते पाहताना घाई केल्यास हाती काही लागत नाही. खालच्या मधल्या फलकावर वेदीवर उभे कोकरू आहे आणि त्याच्या छातीतून वाहणारे रक्त पेल्यात पडते आहे. चारही दिशांनी संत, हुतात्मे, राजे आणि यात्रेकरू त्याच्याकडे येत आहेत. आधी या कोकराच्या चेहऱ्याकडे पाहावे. सोळाव्या शतकात कोणीतरी त्यावर नवा रंग चढवून त्याचा सामान्य मेंढा केला होता. २०१२ मध्ये सुरू झालेल्या जीर्णोद्धारात तो थर काढल्यावर सरळ समोर रोखून पाहणारे, जवळजवळ माणसाचे वाटणारे डोळे बाहेर आले. मग वरच्या रांगेत डावीकडे गाणाऱ्या देवदूतांच्या कपाळावरील आठ्या पाहाव्यात; कोणाचा सूर वरचा आणि कोणाचा खालचा, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून ओळखता येते असे जुन्या काळापासून म्हटले जाते. अगदी डावीकडच्या टोकाला ॲडम उभा आहे. त्याच्या पुढे टाकलेल्या पावलाची बोटे खालून पाहिल्यासारखी रंगवली आहेत, त्यामुळे तो चौकटीबाहेर पाऊल टाकतो आहे असा भास होतो. शेवटी मागच्या बाजूला जाऊन बंद फलकांवरील गुडघे टेकलेले जोडपे पाहावे. हे चित्र करवून घेणारे योस फेइट आणि त्यांची पत्नी एलिझाबेथ बोर्लूट ते हेच. जीर्णोद्धार टप्प्याटप्प्याने होत असल्याने एखादा फलक जागेवर नसणे शक्य आहे. तिकीट काढताना ते पाहून घ्यावे.

खालच्या रांगेतील अगदी डावीकडचा, न्यायाधीशांचा फलक मात्र मूळ नव्हे. या चित्राच्या वाट्याला आलेले भोग थोडे नाहीत. फ्रेंच सैन्याने १७९४ मध्ये त्याचे मधले फलक पॅरिसला नेले, ते १८१५ नंतर परत आले. बाजूचे फलक विकले जाऊन प्रशियात पोहोचले आणि पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहान्वये परतले. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी हे चित्र ऑस्ट्रियातील मिठाच्या खाणीत दडवले होते. या सगळ्यातून ते वाचले, पण १९३४ च्या एप्रिलमध्ये एका रात्री चर्चमधूनच दोन फलक चोरीस गेले. खंडणीसाठी पत्रे आली, विश्वास बसावा म्हणून एक फलक परतही मिळाला. दुसरा आजतागायत सापडलेला नाही. ज्याच्यावर संशय होता त्या दलालाने मरताना, फलक कोठे आहे हे फक्त आपल्यालाच ठाऊक असल्याचे सांगितले, आणि जागा मात्र सांगितली नाही. आपण पाहतो ती यॅफ व्हान डर व्हेकेन यांनी केलेली नक्कल आहे.

कॅथेड्रलमधून बाहेर आले की समोरच ९१ मीटर उंचीचा घंटामनोरा आहे. हा ना चर्चचा, ना काउंटचा. हा नागरिकांचा मनोरा, म्हणून काल पाहिलेल्या किल्ल्याला दिलेले उत्तर समजून तो पाहावा. शहराने राज्यकर्त्यांकडून मिळवलेल्या हक्कांच्या सनदा तळाच्या बंदिस्त खोलीत कुलुपात ठेवलेल्या असत आणि कळसावर १३७७ पासून सोनेरी ड्रॅगन पहारा देत आहे. वरच्या मजल्यांसाठी लिफ्ट आहे, पण सुरुवातीच्या पायऱ्या चढाव्याच लागतात. गुडघे दुखणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे. मनोऱ्याशेजारी २०१२ मध्ये उभा राहिलेला दुहेरी उतरत्या छताचा खुला मंडप स्थानिक लोक थट्टेने ‘मेंढवाडा’ म्हणून ओळखतात. मला तो आवडतो. पावसात आडोसा म्हणून तर त्याला तोड नाही. पलीकडच्या नगरभवनाचा अर्धा भाग नक्षीदार गॉथिक आणि अर्धा सरळ स्तंभांचा रेनेसाँस शैलीतील आहे, कारण मधल्या काळात काम थांबले होते.

ते थांबण्याच्या काळाशी एक अपमान जोडलेला आहे. सम्राट पाचवा चार्ल्स याच शहरात १५०० मध्ये जन्मला, आणि त्याच्याच युद्धांसाठी कर देण्यास गेंटने १५३९ मध्ये नकार दिला. पुढच्या वर्षी तो सैन्यासह आला, शहराचे हक्क काढून घेतले आणि प्रतिष्ठित नागरिकांना अनवाणी, गळ्यात फास अडकवून आपल्यासमोर क्षमा मागायला लावली. गेंटकर आजही स्वतःला ‘फासवाले’ म्हणवतात, आणि ते अभिमानाने. येथून फ्रायडागमार्कट या बाजारचौकात जावे. तेथे याकोब व्हान आर्तेव्हेल्डे या चौदाव्या शतकातील नगरनेत्याचा पुतळा आहे आणि जवळच नदीकाठी लाल रंगाची अजस्र मध्ययुगीन तोफ आहे. होडीची फेरी पाय दुखत असतील तरच घ्यावी. दोन दिवसांत मनोरा, किल्ला, वेदीचित्र आणि वस्तुसंग्रहालये असे बरेच पाहायचे असेल तर ४८ किंवा ७२ तासांचे शहरकार्ड स्वस्त पडते; त्यात ट्रामही येते.

जेवणाच्या बाबतीत शाकाहारी पुणेकरांना गेंट अनपेक्षितपणे सोपे जाते. येथील नगरपालिकेने २००९ मध्ये आठवड्यातील एक दिवस शाकाहाराचा म्हणून पुरस्कृत केला, आणि तो नेमका गुरुवार निघाला; गुरुवार पाळणाऱ्यांनी आखणी त्याप्रमाणे करण्यास हरकत नाही. इतर दिवशीही शाकाहारी उपाहारगृहांची वानवा नाही. सावध राहायचे ते बटाट्याच्या फ्राइजबाबत, कारण बेल्जियममध्ये त्या पुष्कळदा गोवंशाच्या चरबीत तळतात. वनस्पती तेल आहे का, हे विचारूनच घ्याव्यात. कुबर्डोन ही नाकाच्या आकाराची जांभळी, आत पाकाने भरलेली मिठाई घेतानाही जिलेटिन आहे का ते विचारावे. मांसाहार करणाऱ्यांनी पातेरस्होलच्या बोळांतील एखाद्या खाणावळीत वाटरझोइ हा कोंबडी किंवा माशांचा साईदार रस्सा घ्यावा. ग्रूनटेनमार्कटमध्ये टिरेन्टेइन यांच्या १७९० पासूनच्या दुकानात लाकडी पिंपातून मोहरी काढून देतात. तिचा झणका थेट नाकात जातो. बाटली आणायची असल्यास ती मोठ्या सामानात ठेवावी, हातातल्या पिशवीत विमानतळावर अडवतील.

जुलैत जाणाऱ्यांसाठी एवढेच की २१ जुलैच्या सुमारास दहा दिवस येथे रस्त्यांवर मोठा उत्सव भरतो. गळ्यात फास घातलेल्यांची मिरवणूकही त्यातच निघते. गर्दी आवडत असेल तर खोली काही महिने आधी राखून ठेवावी. नसेल तर मे किंवा सप्टेंबर निवडावा.