उन्हात पद्मिनी सुरू होईना? आधी पेट्रोल जास्त की कमी, ते बघा

मे महिन्यात परभणी-नांदेड पट्ट्यात पारा ४२-४३ वर असला, की चहाला दहा-पंधरा मिनिटं थांबलेली पद्मिनी, म्हणजे जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार, पुन्हा सुरू व्हायला त्रास देते. इंजिन बंद झालं की पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं. सगळी धग कार्ब्युरेटरला (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाला) चढते, त्याच्या फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे साठवणीच्या वाटीतलं, पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये (इंजिनाकडे जाणाऱ्या वाटेत) उतरतं आणि गाडी ‘ओव्हर’ होते, म्हणजे आत पेट्रोल जास्त होतं. कधी याच धगीने टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाच्या नळीत वाफ धरते. मग पेट्रोल पोचतच नाही. दोन्हींचे उपाय उलट आहेत, म्हणून नुसता स्टार्टर मारत बसू नका.

बिडी-काडी लांब ठेवून एअर फिल्टर काढा आणि थ्रॉटलचा लिव्हर (अ‍ॅक्सिलरेटरने हलणारी दांडी) हाताने एकदाच ओढा. कार्ब्युरेटरच्या घशात (हवा आत जाते त्या तोंडात) बारीक धार उडाली तर पेट्रोल आहे. वास उग्र आणि घसा ओला असेल तर गाडी ओव्हर आहे. धार नाही, घसा कोरडा, तर नळीत वाफ.

ओव्हर असेल तर फिल्टर परत बसवा, चोकची मूठ पूर्ण आत ढकला, म्हणजे चोक बंद. अ‍ॅक्सिलरेटर हळूच तळापर्यंत दाबून तसाच धरा. पाय वर-खाली करून पंप मारायचा नाही, कारण प्रत्येक दाबाला आणखी पेट्रोल आत जातं. स्टार्टर फार तर १० सेकंद, मग अर्धा मिनिट विश्रांती. इंजिनाने पकडलं की पाय सोडा. तरीही नाही पकडलं तर प्लग काढून कोरडे करा.

वाफ धरली असेल तर बोनेट उघडा, पंपावर आणि नळीवर ओलं फडकं ठेवा. एक्झॉस्टवर पाणी मात्र पडू देऊ नका. पंपाला हाताचा लिव्हर असेल तर तो मारून चेंबर भरा.

थंड इंजिनावर, आयडलला चालू असतानाही नोझलमधून थेंब पडत असतील तर दोष उन्हाचा नाही, नीडल व्हॉल्व्हचा (चेंबरमध्ये येणारं पेट्रोल अडवणाऱ्या सुईचा) किंवा फ्लोटचा (पेट्रोलवर तरंगून ती सुई बंद करणाऱ्या डबीचा). सोलेक्सचं, म्हणजे याच कार्ब्युरेटरचं, झाकण काढून उलटं धरा, नीडल बोटाने हलकी दाबा आणि पेट्रोलच्या तोटीला स्वच्छ नळी लावून फुंका. हवा गेली तर नीडल आणि ती बसते ती सीट जोडीनेच बदला. सीटखालचा वॉशर जुन्याच जाडीचा हवा. पातळ घातला तर पेट्रोलची पातळी चढते. पितळी फ्लोट कानाशी हलवा, आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटलाय. इथेनॉलच्या पेट्रोलने जुनी रबरी नळी आतून झडून तिचा कचराही सीटवर अडकतो, म्हणून नळी आणि फिल्टर त्याच वेळी बदला.

कार्ब्युरेटरखालचा बॅकेलाइटचा (धग अडवणाऱ्या कडक प्लास्टिकचा) ठोकळा तडकलेला असेल किंवा कुणी काढून टाकला असेल तर तो आधी बसवा, उन्हाळ्यात सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो. बऱ्याच दिवसांपासून ओव्हर होत असेल तर डिपस्टिकचा (ऑइल मोजायच्या पट्टीचा) वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी लांब नेऊ नका.