ह्यांचं सीपॅप मशीन मी ऑनलाइन कसं घेतलं

आमचे हे बावीस वर्षं ट्रक चालवतात. सांगलीच्या मार्केट यार्डात हळद भरायची, वाशीला उतरवायची, असा फेरा. दोन वर्षांपूर्वी परतीच्या वाटेवर खंबाटकी घाट चढताना पहाटे त्यांचा डोळा लागला. क्लीनर जागा होता, त्यानं हाक मारली म्हणून गाडी रस्त्यावर राहिली. घोरणं तर आमच्या घरात जुनंच होतं. पण घोरता घोरता आवाज एकदम बंद पडायचा आणि मी अंधारात बसून सेकंद मोजायची. एकदा पस्तिसापर्यंत मोजले, मग ते दचकून मोठा श्वास घेत कुशीवर वळले. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त श्वास थांबला तर त्याला अॅप्निया म्हणतात, हे मला नंतर मिरजेच्या छातीच्या डॉक्टरांकडून कळलं.

त्यावर सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबानं हवा देणारं मशीन, वापरतात. पण मशीन शोधायच्या आधी तपासणी करून घ्या. आम्हाला एक लहान यंत्र घरी दिलं होतं. नाकाशी नळी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिजनची चिमटी, एवढं लावून एक रात्र झोपायचं. रिपोर्टात तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा मंदावला तो आकडा येतो. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. ह्यांचा आकडा ४२ होता.

रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांकडून नीट चिठ्ठी लिहून घ्या. "सीपॅप घ्या" एवढ्यावर उठू नका. मी एका पतसंस्थेत कारकून आहे, अर्धवट कागदानं नंतर किती हेलपाटे होतात ते रोज बघते. मशीन एकाच प्रेशरचं सीपॅप, स्वतः प्रेशर कमीजास्त करणारं ऑटो, की श्वास घेताना आणि सोडताना वेगळं प्रेशर देणारं बायपॅप, ते स्पष्ट लिहिलेलं हवं. प्रेशर किती ते हवं. ही मशीन साधारण ४ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या दाबापर्यंत चालतात, त्यातलं कमीतकमी आणि जास्तीत जास्त डॉक्टर ठरवतात. ह्यांना ६ ते १४ लिहून दिलं. मास्कचा प्रकार, ह्युमिडिफायर (आत जाणारी हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी) लागेल की नाही, डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक, हेही हवं. इंटरनेटवर चिठ्ठी न मागता विकणारे भेटतात. त्यांच्याकडून घेऊ नका. काहींचा श्वास घसा बंद झाल्यानं नाही, तर मेंदूकडून इशारा न आल्यानं थांबतो, आणि त्यांना साधं ऑटो मशीन चालत नाही. ते रिपोर्ट वाचणाराच सांगू शकतो.

शेजारच्या काकू मशीन बघून रडायलाच लागल्या, "ह्यांना ऑक्सिजनवर ठेवलंय का?" म्हणून. तसं नसतं. मशीन खोलीतलीच हवा गाळून दाबानं आत सोडतं, त्या दाबानं झोपेत सैल पडणारा घसा उघडा राहतो.

माझी पहिली ऑर्डर फसली. किंमत बाजारापेक्षा बरीच कमी दिसली आणि मी पैसे भरले. खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव नाही, एमआरपी नाही, पिन चपटी परदेशी. विक्रेत्याला विचारलं तर वॉरंटी परदेशातच मिळेल म्हणाला, आणि परत घ्यायला तयार नाही. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. खोक्याचे फोटो, बिल आणि पैसे भरल्याची पावती जवळ होती म्हणून अकरा दिवसांनी पैसे परत आले. ते अकरा दिवस ह्यांनी गाडी बंद ठेवली, त्याचं नुकसान कोण भरून देणार?

तेव्हा आपल्याकडची नीट आयात झालेली वस्तू कशी ओळखायची ते लक्षात ठेवा. १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली आहेत. बाहेरून आलेल्या मशीनच्या लेबलवर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि आयात परवान्याचा क्रमांक असायला हवा. शिवाय एमआरपी आणि सिरीयल नंबर बघा. बिल जीएसटीचं, रुग्णाच्या नावावर, सिरीयल नंबर घातलेलं घ्या. पैसे भरण्याआधी फोन करा, नुसत्या चॅटवर भागवू नका. दुसऱ्या वेळी मी विचारलं, मशीन बिघडलं तर कुठं पाठवायचं, पुणे की कोल्हापूर, आणि दुरुस्तीपर्यंत दुसरं देता का? चिठ्ठीप्रमाणं प्रेशर कोण लावून देणार? ते सेटिंग रुग्णाच्या साध्या मेन्यूत नसतं. त्यांनी चिठ्ठी व्हॉट्सअॅपवर मागवली आणि व्हिडिओ कॉलवर ६ आणि १४ हे आकडे मला दाखवले. तिथं मला विश्वास वाटला. मशीन ४६ हजाराला पडलं.

जुनं मशीन स्वस्तात मिळतं म्हणून मोह होतो. फिलिप्सनं जून २०२१ मध्ये ड्रीमस्टेशनसह लाखो मशीन परत मागवली, कारण आवाज कमी करणारा आतला फोम झिजून त्याचे कण श्वासात जायचा धोका होता. तसलं एखादं अजून कुणाच्या कपाटात असू शकतं. आणि आपल्याकडं २०१९ आणि २०२१ चा महापूर झालाय, भिजून वाळवलेलं यंत्र वरून ओळखू येत नाही. मी जुनं घेतलं नाही, तुम्हीही घेऊ नका.

आता मास्क. मशीन मागवणं त्यामानानं सोपं आहे, माणूस कंटाळून सोडतो तो मास्कमुळं. नाकपुड्यांत बसणारा, नाकावर बसणारा आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा, असे मुख्य तीन प्रकार. ह्यांना नाकाचा लहान मास्क आवडला होता, पण झोपेत तोंड उघडं पडायचं आणि सगळी हवा तोंडातून निघून जायची. मग पूर्ण मास्क, तर मिशीपाशी गळती. "गुदमरतंय गं," म्हणून दोन रात्री काढूनच टाकला. शेवटी मिरजेच्या एका दुकानातून महिनाभर मशीन भाड्यानं घेतलं, तिथंच तीन मास्क लावून पाहिले, आणि मध्यम मापाचा एक बसला. बसून नाही, आडवं होऊन पाहायचं, कारण आडवं झाल्यावर गाल सरकतात. पट्टे आवळून गळती थांबवू नका, नाकाच्या हाडावर जखम होते. मास्क उघडला की बहुतेक जण परत घेत नाहीत, म्हणून माप बदलून न देणाऱ्याकडून मास्क ऑनलाइन घेऊ नका. आणि काही मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाच्या क्लिपा असतात. घरात कुणाला पेसमेकर असेल, मग ते शेजारी झोपणारं माणूस असलं तरी, बिनचुंबकाचा मास्क मागा.

पार्सल उघडताना सुरुवातीपासून व्हिडिओ काढा. ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड पाणीच घाला, आमच्या बोअरच्या पाण्यानं चार दिवसांत टाकीत पांढरा थर धरला होता. रोज सकाळी उरलेलं पाणी ओतून टाकायचं, मास्क सौम्य साबणानं धुऊन सावलीत वाळवायचा.

विजेचा विचार खरेदीच्या वेळीच करा. घरात इन्व्हर्टर आहे, त्यावर चालतं. बॅटरीवर असताना ह्युमिडिफायर बंद ठेवला की वीज कमी लागते. पण हे आठवड्यातल्या दोन-तीन रात्री केबिनमध्ये झोपतात, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, झोप म्हणजे मशीन, दुपारची सुद्धा. ट्रकची बॅटरी २४ व्होल्ट, आमचं मशीनही २४ व्होल्टचं, म्हणून हे थेट वायर जोडायला निघाले होते. मी अडवलं. गाडी सुरू होताना विजेचा दाब वरखाली होतो. त्याच कंपनीचा डीसी कन्व्हर्टर वेगळा मिळतो, तो मशीनच्याच विक्रेत्याकडून मागवला.

पहिल्या आठवड्यात प्रेशर हळूहळू वाढवणारं रॅम्प वापरा, आणि संध्याकाळी टीव्ही बघताना जागेपणी अर्धा तास मास्क लावून बसा. पंधरा दिवसांनी मशीनमधलं कार्ड डॉक्टरांना नेऊन दाखवलं. ४२ चा आकडा ३ वर आला होता, पण गळती जास्त दिसली, म्हणून त्यांनी मास्कची उशी बदलायला सांगितली. उशी म्हणजे चेहऱ्याला टेकणारा सिलिकॉनचा भाग. तो सुटा मिळतो, आख्खा मास्क घ्यावा लागत नाही. मॉडेलचं नाव आणि माप मी देव्हाऱ्याशेजारच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवून ठेवलंय, म्हणजे हे वाशीत असताना उशी फाटली तर पोरगासुद्धा ऑर्डर करू शकेल.