मंडळाचा फोल्डर आणि कुणाला काय उघडायचं

वर्गणीची यादी, शिवजयंतीच्या चित्ररथाचा खर्च, पोलीस, महापालिका आणि हेस्कॉम या वीज कंपनीला द्यायचे कानडी अर्ज, शिवाय फोटोंचा ढीग. बेळगावातल्या गल्लीगल्लीतल्या मंडळांचा हा पसारा आता गूगल ड्राइव्हवर आलाय. आमच्या शहापूरच्या मंडळाचा चिटणीस म्हणून तो माझ्याकडे आहे. कार्यकारिणी बदलते, परवानग्या मात्र जुन्याच राहतात, आणि सगळी भानगड तिथूनच सुरू होते.

फोल्डर कुणा पोराच्या खासगी जीमेलवर उघडू नका. तो नोकरीला पुण्याला नाहीतर बेंगळूरला गेला की हिशेबही त्याच्याबरोबर गेले. मंडळाच्या नावानं वेगळं खातं काढा. रिकव्हरीला अध्यक्षांचा फोन आणि खजिनदारांचा ईमेल द्या, म्हणजे एकाच माणसावर अडत नाही.

एक बारकावा बऱ्याच जणांना माहीत नसतो. दुसऱ्यानं आपल्या खात्यातून चढवलेली फाइल तुमच्या फोल्डरात दिसली तरी मालक तोच असतो आणि जागाही त्याच्याच 15 जीबीतली जाते. त्यानं ती कायमची पुसली की तुमच्याकडूनही गेली. म्हणून पावत्या आणि अर्ज मंडळाच्या खात्यातूनच चढवायचे. मिरवणुकीचे व्हिडिओ खुशाल पोरांच्या खात्यात राहू देत.

आता वाटणी. वरच्या फोल्डरला दिलेली परवानगी आतल्या फोल्डरांना आपोआप लागते. तेव्हा मुख्य फोल्डर कुणालाच शेअर करू नका, आतले ‘हिशेब’, ‘अर्ज’, ‘फोटो’ वेगवेगळे करा. हिशेबाला एडिटर, म्हणजे बदल करू शकणारा, फक्त खजिनदार; बाकी कार्यकारिणी व्ह्यूअर, म्हणजे नुसती बघणारी. अर्जांना कमेंटर, म्हणजे फक्त शेरा लिहू शकणारा, फार उपयोगी पडतो. कानडी टाइप करणारा एडिटर असतो, आणि ज्येष्ठ मंडळी बाजूला ‘वॉर्ड नंबर चुकलाय की रे’ असं लिहितात. मजकुराला हात लागत नाही आणि कुणाचा मानही जात नाही.

एडिटरला पुढं दुसऱ्याला शेअर करायची मुभा मुळातच मिळालेली असते. कॉम्प्युटरवर शेअरच्या चौकटीत गिअरचं चिन्ह दाबून ती खूण काढा. फोल्डरला घातलेली ही बंदी आतल्या फाइलींना लागत नाही, त्यामुळं वर्गणीच्या शीटला ती वेगळी घाला. व्ह्यूअरचं डाउनलोड तिथंच बंद करता येतं, पण स्क्रीनशॉट कोण अडवणार?

‘एनीवन विथ द लिंक’, म्हणजे लिंक असेल त्या कुणालाही उघडेल अशी सोय, फक्त फोटोंना, तेही व्ह्यूअर म्हणून. व्हॉट्सॲपवर टाकलेली लिंक कुठवर जाईल याचा नेम नाही. वर्गणीदारांचे फोन नंबर असलेली प्रत्येक फाइल ‘रिस्ट्रिक्टेड’च हवी, म्हणजे यादीत नाव असलेल्यांनाच ती उघडेल.

जमाखर्च वाचून नवीन कार्यकारिणी ठरली की त्याच बैठकीत लॅपटॉप उघडा, प्रत्येक फोल्डरची शेअर यादी मोठ्यानं वाचा, जुनी नावं काढा, नवी घाला. सगळ्यांसमोर केलं की ‘मलाच का काढलं’ ही कुरकुर होत नाही. पासवर्डही तेव्हाच बदला.

एवढं करूनही ‘लिंक उघडेना’ म्हणून फोन येणारच. बहुतेक वेळा त्या माणसाच्या मोबाइलवर दोन जीमेल असतात आणि परवानगी दिलेलं खातं सोडून दुसरंच चालू असतं. आधी ते बघायला सांगा. ॲक्सेस मागणारा ईमेल आला तर पत्ता ओळखीचा आहे का ते फोन करून विचारा आणि मगच मंजुरी द्या.