लिनक्सवरचं सॉफ्टवेअर दुसरीकडे नेताय? लायब्ररीच्या बाबतीत या चुका टाळा

लिनक्सवर मस्त चालणारा प्रोग्राम दुसऱ्या सिस्टिमवर नेला की लायब्ररी सापडत नाही म्हणून अडतो, आणि मग बरेच जण पहिल्या झटक्यात सिमलिंक मारून मोकळे होतात. म्हणजे प्रोग्राम लिबएसएसएल (ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन सॉफ्टवेअरची लायब्ररी) १.१ मागतोय आणि मशीनवर ३ आहे, तर ३ लाच १.१ चं नाव देऊन टाकायचं. प्लीज हे करू नका. सप्टेंबर २०२१ मध्ये ओपनएसएसएल ३.० आलं तेव्हा एबीआय (बिल्ड झालेला प्रोग्राम आणि लायब्ररी यांच्यातला करार) बदलला, फाइलच्या नावातला आकडा त्यासाठीच बदललाय. इथे निदान प्रोग्राम सुरू होतानाच व्हर्जन सापडलं नाही म्हणून थांबतो, पण ज्या लायब्ररीत सिम्बॉल व्हर्जनिंग (फंक्शनच्या नावाला व्हर्जनचा शिक्का) नाही तिथे सगळं नीट सुरू होतं आणि मध्येच कधीतरी क्रॅश होतं, मग शोधत बसा. सोर्स हातात असेल तर सरळ परत बिल्ड करा.

एरर नीट वाचा, कंपायलरला हेडर (लायब्ररीतल्या फंक्शनची ओळख देणारी फाइल) मिळत नाहीये की लिंकरला लायब्ररी? डेबियन-उबंटूवर लायब्ररी असते पण हेडर वेगळ्या ‘-डेव्ह’ पॅकेजमध्ये, फेडोरावर ‘-डेव्हल’मध्ये. फ्रीबीएसडीवर हेडर पॅकेजसोबतच येतात, फक्त ते यूएसआर-लोकलखाली जातात आणि तिथला क्लँग कंपायलर आपणहून तिकडे बघत नाही. मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांची फाइल) पाथ हाताने कोंबू नका, पीकेजी-कॉन्फिग या लायब्ररीचे पाथ सांगणाऱ्या टूलला विचारा, म्हणजे पुढच्या मशीनवर परत तेच रडगाणं नको.

कधीकधी ती लायब्ररी तिथे नसतेच, आणि लागतही नाही. ओपनबीएसडीवर लिबडीएल शोधून काही उपयोग नाही, डीएलओपन (प्रोग्राम चालू असताना लायब्ररी उघडणारं फंक्शन) तिथे लिबसीकडूनच, म्हणजे सिस्टिमच्या मूळ सी लायब्ररीकडूनच, मिळतं. ग्लिबसीनेही (उबंटू, डेबियन, फेडोरावरची लिबसी) २.३४ पासून लिबडीएल आणि लिबपीथ्रेड पोटात घेतल्यात. त्यामुळे लिबडीएलचा फ्लॅग मेकफाइलमध्ये कायमचा लिहून ठेवू नका, ऑटोकॉन्फ या बिल्डआधी सिस्टिम तपासणाऱ्या टूलचं एसी_सर्च_लिब्ज आधी लायब्ररीशिवाय जमतंय का बघतं आणि मगच तुम्ही दिलेल्या लायब्ररी चाचपतं, ते वापरा. अल्पाइन लिनक्सवर उलटं आहे, तिथल्या मसल लिबसीमध्ये ग्लिबसीतले आर्ग्प, एफटीएस, ऑबस्टॅक हे भाग नाहीत, त्यांची पॅकेजेस वेगळी टाकावी लागतात.

आणि अल्पाइनवरच लोकांना सगळ्यात जास्त छळणारा प्रकार म्हणजे उबंटूवर बिल्ड केलेली बायनरी कॉपी केली, एलएसमध्ये ती समोर दिसतेय, परवानग्याही बरोबर, तरी शेल म्हणतो ‘नॉट फाउंड’. लोक पाथ तपासत बसतात, पण हरवलेली फाइल वेगळीच असते! बायनरीच्या आत लोडरचा (लायब्ररी जोडून प्रोग्राम सुरू करणारी फाइल) पत्ता लिहिलेला असतो, साध्या ६४-बिट इंटेल मशीनच्या ग्लिबसी बायनरीत तो एलडी-लिनक्सचा, आणि अल्पाइनवर असतो एलडी-मसल. ‘रीडएल्फ -एल’ चालवलं की इंटरप्रिटर म्हणून तो पत्ता लगेच दिसतो. जीकॉम्पॅट (मसलवर ग्लिबसीची नक्कल करणारं पॅकेज) टाकून काही बायनरी चालतात, पण माझं मत विचाराल तर प्रॉडक्शनला त्याच्या भरवशावर राहू नका. अल्पाइनवरच बिल्ड करा, आणि फक्त बायनरीच मिळाली असेल तर कंटेनरसाठी डेबियनची स्लिम इमेज घ्या.