कोकणात घरच्या घरी टीव्ही रेकॉर्ड करायचाय? मग कमी पैशात नक्की काय घ्यायचं

सगळ्यात आधी हे बघा की तुमच्या घरी चॅनल येतात कुठून, केबलवरून, कुठल्या कंपनीच्या छत्रीवरून की डीडी फ्री डिशवरून, कारण पुढचा सगळा खर्च त्याच्यावर ठरतो. दुकानदार काय, "रेकॉर्डिंग होतं की!" एवढं म्हणून डबा हातात देतो. होतं हो, पण कशाचं होतं आणि नंतर बघता येतं का ते कोण सांगणार.

पैसे भरून घेतलेल्या डीटीएचवर आणि केबलवर चॅनल लॉक असतात. त्यांचा स्वतःचा रेकॉर्डिंगवाला बॉक्स असेल तर रेकॉर्डिंग होतं, पण ते बहुतेक त्याच बॉक्सवर चालतं, पेन ड्राइव्ह काढून लॅपटॉपला लावलात तर काही दिसत नाही, आणि रिचार्ज संपला की जुनं रेकॉर्डिंग पण अडकू शकतं. ज्यांच्याकडे तसा बॉक्स आहे त्यांनी तोच वापरा, वेगळं काही घेऊ नका.

दुसरा गैरसमज स्मार्ट टीव्हीचा. टीव्हीला मागे यूएसबी आहे म्हणजे पेन ड्राइव्ह लावला की रेकॉर्ड होणार असं लोकांना वाटतं. टीव्ही फक्त त्याच्या आतल्या ट्यूनरवर (चॅनल पकडणारा भाग) आलेलं रेकॉर्ड करतो, एचडीएमआयने बाहेरच्या बॉक्समधून आलेलं नाही. आणि आपल्याकडे तर बहुतेक सगळं बाहेरच्या बॉक्समधूनच येतं, कौलावरचे जुने अँटेना आता कावळे बसायलाच राहिलेत, दूरदर्शनचे अॅनालॉग ट्रान्समीटर जवळजवळ सगळे बंद झाले.

तर स्वस्तात आणि सोपं करायचं असेल तर फ्री डिश. महिन्याचे पैसे नाहीत, सह्याद्री आहे, बाकीचे काही मराठी चॅनल पण असतात (खाजगी चॅनल लिलावात जागा घेतात म्हणून यादी बदलत राहते, आज आहे ते पुढच्या वर्षी असेलच असं नाही). आणि जे चॅनल खुले आहेत त्यांचं रेकॉर्डिंग साध्या फाइलमध्ये होतं, जी व्हीएलसी प्लेअरवर कुठेही चालते. बॉक्सच्या यादीत चॅनलच्या नावापुढे डॉलरचं चिन्ह दिसलं तर तो लॉक आहे, त्याचा नाद सोडा.

बॉक्स घेताना तीनच गोष्टी बघा. एक, एमपेग-4 (चॅनल पाठवायची नवी पद्धत) चालणारा हवा, नुसता जुन्या पद्धतीचा एमपेग-2 वाला स्टॉक कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. दोन, यूएसबी असून भागत नाही, मेनूमध्ये पीव्हीआर किंवा रेकॉर्ड हा ऑप्शन आणि टायमर दोन्ही दुकानातच उघडून बघा, काही डब्यांची यूएसबी फक्त गाणी वाजवायला असते. तीन, आणि हे कोकणात सगळ्यात महत्त्वाचं, वीज बाहेरच्या 12 व्होल्टच्या अॅडॉप्टरवर घेणारा बॉक्स घ्या, ज्याची वायर सरळ 230 व्होल्टच्या प्लगमध्ये जाते तो नको. का ते खाली सांगतो. असा बॉक्स साधारण हजाराच्या आगेमागे मिळतो.

आता साठवायचं कशावर. साध्या चॅनलचा वेग 3 एमबीपीएस धरला तर तासाला साधारण 1.35 जीबी लागतात, म्हणजे 32 जीबीच्या पेन ड्राइव्हवर 20 एक तास आरामात बसतात. एवढ्या वेगाला यूएसबी 2.0 पण खूप झालं, महागडा फास्ट ड्राइव्ह घ्यायची गरज नाही, फक्त ओळखीच्या कंपनीचा आणि बिलासकट घ्या. आठवडी बाजारात दोनशे-तीनशे रुपयात 1 टीबीचा मिळतो तो 1 टीबी नसतोच, आत दहा-वीस जीबी असतात आणि पुढचं सगळं हवेत लिहिलं जातं. संशय आला तर कॉम्प्युटरवर एच2टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्याने खरी जागा कळते. फॉरमॅट बॉक्समध्येच करा. फॅट32 असेल तर 4 जीबीच्या वर एक फाइल जात नाही, त्यामुळे मॅचचे दोन-तीन तुकडे झालेले दिसतील, घाबरू नका, ते तसंच असतं. आणि टाइमशिफ्ट (चालू कार्यक्रम थांबवून मागे नेता येतो ती सोय) बंद ठेवा, तो उगाच सतत लिहीत बसतो आणि ड्राइव्ह गरम होतो.

घरात जुनी पोर्टेबल हार्ड डिस्क पडलेली असते, ती लावायचा मोह होतो. बॉक्सची यूएसबी साधारण अर्धा अँपियर देते आणि डिस्कला सुरू होताना त्याच्यापेक्षा जास्त लागतो, मग ती टक टक करते, फिरते, थांबते, परत टक टक. तसा आवाज आला तर लगेच काढा, नाहीतर लग्नाचे फोटो पण जातील त्यातले. लावायचीच असेल तर स्वतःच्या अॅडॉप्टरवाला यूएसबी हब मधे टाका.

आता लाईट. पावसात माडाची झावळी तारेवर पडली की गेली, ती कधी येईल त्याचा नेम नाही. राउटरसाठी जो छोटा 12 व्होल्टचा डीसी यूपीएस मिळतो ना, तोच ह्या बॉक्सला चालतो, म्हणून अॅडॉप्टरवाला बॉक्स घ्या म्हटलं. अॅडॉप्टरवर किती अँपियर लिहिलंय ते वाचा आणि यूपीएस तेवढा किंवा त्याहून जास्तीचा घ्या, पिन पण बसतेय ना बघा. छत्रीवरच्या एलएनबीला (छत्रीसमोरची सिग्नल पकडणारी डबी) वीज बॉक्समधूनच केबलने जाते, त्यामुळे टीव्ही बंद पडला तरी रेकॉर्डिंग चालू राहतं. घरी इन्व्हर्टर असेल तर हा खर्च नकोच.

आणि नवीन बॉक्स आणलात की एक परीक्षा घ्या. दहा मिनिटांनंतरचा टायमर लावा, प्लग काढा, मिनिटभराने परत लावा आणि काही न करता बसून राहा. बऱ्याच स्वस्त डब्यांत घड्याळाचा सेल नसतो, वेळ ते सिग्नलवरून घेतात, त्यामुळे काही डबे स्वतःहून चालू होऊन वेळ पकडतात आणि रेकॉर्ड करतात आणि काही 00:00 दाखवत तसेच झोपून राहतात. झोपणारा असेल तर दुकानात परत द्या. गणपतीत ह्याचाच उपयोग, घर भरलेलं, आरती सुरू, काकी माजघरातून ओरडते "माका काय कळणा नाय, तूच लाव काय ता," आणि तिची सीरियल इकडे गुपचूप रेकॉर्ड होत असते.

रेकॉर्डिंग चालू असताना दुसरा चॅनल बघायचा असेल तर एका ट्यूनरच्या बॉक्सवर त्याच फ्रिक्वेन्सीवरचेच चॅनल दिसतात, इन्फो बटण दाबून फ्रिक्वेन्सी बघा आणि वहीत लिहून ठेवा. त्याने भागत नसेल तर डबल आउटपुटचा एलएनबी, दुसरी केबल आणि दुसरा बॉक्स, एवढं सोपं आहे ते.

लॅपटॉपला किंवा रास्पबेरी पायला (हातात मावेल एवढा छोटा कॉम्प्युटर) छत्रीचा सिग्नल घेणारा डीव्हीबी-एस2 यूएसबी ट्यूनर लावून टीव्हीहेडएंड नावाचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर चालवायचं, हा पण मार्ग आहे. एका फ्रिक्वेन्सीवरचे तीन-चार चॅनल एकदम रेकॉर्ड होतात, फोनवरून टायमर लावता येतो. पण खर्च कितीतरी पटीने जास्त आणि घरातल्या बाकीच्यांना ते जमत नाही, बिघडलं की मुंबईला फोन. लॅपटॉपला बॅटरी आहे म्हणून निश्चिंत राहू नका, ट्यूनरला वेगळा अॅडॉप्टर असेल तर लाईट गेल्यावर एलएनबी मेलेलाच असतो. ज्यांना आवड आहे त्यांनीच करा हे.

वाचलेले पैसे छत्रीच्या बाजूला घाला. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-15, 93.5 अंश पूर्वेला, म्हणजे रत्नागिरी-सिंधुदुर्गातून आग्नेय दिशेला साधारण 60 अंश वर. समुद्राकडे नाही, घाटाच्या बाजूला तोंड. एवढ्या उंचीवर बघायचं असल्याने डोंगर आड येत नाही, आड येतो तो माड. छत्री लावताना आजचा माड बघू नका, पाच वर्षांनी झावळ्या कुठे येतील ते बघा. केबल आरजी-6 तांब्याची, कनेक्टर दाबून बसवलेले घ्या, पिळून बसवायचे नकोत, खाऱ्या हवेत पहिले तेच हिरवे पडतात. कनेक्टरवर सिलिकॉनची टेप गुंडाळा, आणि केबल घरात घ्यायच्या आधी खाली एक झोल सोडा म्हणजे पाणी त्या झोलावरून टपकतं, केबलवरून ओघळत बॉक्सपर्यंत येत नाही. मुसळधार पावसात सिग्नल जाणारच, केयू बँडचं (छत्रीवर येतात त्या लहरींचं) ते दुखणंच आहे, साठ सेंटीमीटरच्या ऐवजी नव्वदची छत्री घेतलीत तर थोडं कमी जाईल इतकंच. वीज कडकडायला लागली की मात्र रेकॉर्डिंगचा विचार सोडून बॉक्सच्या मागची केबल आणि प्लग दोन्ही काढून ठेवा.